मी सांगितलं होतं, कमान धरते

मी निघाले त्या दिवशी माझी मोठी बॅग शेजारच्या बबनकाकांनी डोक्यावर घेतली होती. उल्हासनगरात आमच्या बॅरेकीच्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही, कॅम्प चारच्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावं लागतं. बॅगेला चांगली चाकं होती. मी तीनदा म्हटलं, "काका, ओढत न्या, ती ओढायचीच बॅग आहे." पण गल्लीत गटाराचं काम निघालेलं, सगळीकडे खडी पडलेली, आणि नव्या बॅगेची चाकं पहिल्याच दिवशी खराब झालेली काकांना चालणार नव्हती. "चाकांवर जर्मनीत फिरव," ते म्हणाले. "इथे माझं डोकं आहे." मागून माझी सॅक घेऊन बाबा. सगळ्यात मागे आई आणि लीलाकाकू, जवळ्याची चटणी विमानात नेऊ देतात की नाही यावर वाद घालत. शेजारच्या सिंधी आंटी पापड लाटताना उठून आल्या आणि पिठाचे हात तसेच माझ्या गालांना लावून म्हणाल्या, "वहाँ ठंड में कान ढकना, बेटी."

टॅक्सीचं दार लावताना बाबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की कळव. आणि तिथे काय शिकवतात ते आम्हालाही सांगत जा."

ही दुसरी गोष्ट मी फार मनापासून पाळली. पाळली नसती तर बरं झालं असतं.

हे मी लिहिते आहे ते सगळ्यात आधी आमच्या बॅरेकीत मागे राहिलेल्या माणसांसाठी. तिथे या गोष्टीच्या तीन-चार आवृत्त्या फिरतात. एकीत माझा काही संबंधच नाही, एकीत सगळं माझ्यामुळेच झालं. घडलं ते यांच्या मधलं आहे आणि मी ते एकदा नीट सांगायला हवं. आणि मग तुमच्यासाठी, जे माझ्यासारखे निघून गेलात आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर घरच्यांना आपल्या कामातलं काहीबाही उत्साहाने समजावून सांगता.

बाबा आणि बबनकाका अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एकाच कारखान्यात, एकाच खात्यात वीस वर्षं होते. रंगात आणि प्लास्टिकात मिसळायची पांढरी भुकटी तिथे तयार होते. दोन मजले उंच लोखंडी नरसाळं असतं, त्याला हॉपर म्हणतात. वरून भुकटी पडते, खालच्या तोंडातून गोण्यांत उतरते. बाबा ऑपरेटर, काका हेल्पर, पण हा फरक कागदापुरता. सकाळी काकांच्या स्कूटरवरून दोघं जायचे आणि परत यायचे तेव्हा दोघांच्या भुवया सारख्याच पांढऱ्या असायच्या. आमची आणि त्यांची खोली एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून दहावीच्या पेपरांपर्यंत मला सोडायला कोणी ना कोणी भिंतीपलीकडचंच आलेलं आहे.

भुकटी अडायची. पावसाळ्यात हवेत ओल आली की जास्तच. बाबा सकाळी मूठभर भुकटी घेऊन दाबायचे आणि मूठ उघडायचे. ढेकूळ तसंच राहिलं तर आज ही त्रास देणार, असं समजायचं. तोंड बंद पडलं की आधी बाहेरून लाकडी हातोडा. त्याने नाही सुटलं तर वरच्या झाकणातून एकाने पहार घेऊन आत उतरायचं आणि साचलेला थर फोडायचा. उतरायचे ते काका, कारण ते अंगाने हलके. त्यांच्या कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक बाबांच्या हातात. दोरीही काकांनीच आणलेली, बदलापूरच्या पलीकडे त्यांचं गाव आहे तिथून, भाताचे भारे बांधायची. सुरक्षेचा पट्टा कारखान्यात कधी आलाच नाही. लहानपणी मी हे सगळं जेवताना ऐकायचे, आणि मला ते विहिरीत उतरणाऱ्या शूर माणसाच्या गोष्टीसारखं वाटायचं.

बीएस्सी मी उल्हासनगरातच केलं, एमएस्सीला मुंबईत गेले. दुसऱ्या वर्षी सॉफ्ट मॅटर हा विषय घेतला त्याचं कारण फार थोर नाही. दुसऱ्या विषयाचा तास सकाळी आठला होता. पहिल्या दिवशी सर वर्गात आले ते दाढीचा फेस, दह्याचं भांडं आणि तांदळाची पिशवी घेऊन. म्हणाले, जे धड घन नाही आणि धड द्रवही नाही, हाताने ढकललं तर वाहतं आणि सोडलं तर उभं राहतं, ते सगळं आपलं. टूथपेस्ट, चिखल, रंग, डिंक, रक्त, वाळू. एवढी रोजची वस्तू, आणि ती अमुक क्षणी वाहते आणि तमुक क्षणी का अडते हे नीट सांगणारं समीकरण अजून कोणाकडे नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा हसले. "म्हणजे वीस वर्षं आम्ही तेच करतोय, फक्त आम्हाला डिग्री नाही दिली." काका भिंतीपलीकडून ओरडले, "मला दोन द्या, मी आत उतरतो!"

पीएचडीच्या अर्जात हा विषय का निवडला असं विचारलं होतं. मी बाबांच्या मुठीबद्दल लिहिलं. पुढे माझ्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की शंभर अर्जांत तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

जर्मनीतलं माझं गाव मध्यम आकाराचं, नदीकाठचं, फार शांत. पहिल्या महिन्यात ती शांतता मला ताप आल्यासारखी अंगावर यायची. आमच्या बॅरेकीत कोणाच्या घरी कुकरची कितवी शिट्टी झाली हे चार घरांना कळतं. इथे वरच्या मजल्यावरचा माणूस सुट्टीला गेला की आहे, हेही समजत नव्हतं. लॅब तळघरात होती, कारण जमिनीला कंप नको. माझं हॉपर काचेचं, हातभर उंचीचं. त्यात मोहरीएवढे काचेचे मणी भरायचे, खालचं तोंड उघडायचं आणि मणी पडताना किती पडल्यावर अडतात ते कॅमेऱ्याने मोजायचं. अडतात ते का, तर तोंडापाशी पाच-सहा मणी एकमेकांना टेकून कमान करतात. वरचा सगळा भार ती कमान बाजूच्या भिंतींवर ढकलते आणि स्वतः तशीच उभी राहते. मी दिवसाला दोनशे कमानी बघायचे. त्या सुंदर असतात, हे मला आजही नाकारता येत नाही.

लॅबमध्ये माझ्या कुठल्याही वाक्याला मोकळं सोडत नसत. किती वेळा करून बघितलंस? चूक किती धरलीस? मण्याऐवजी दुसरं काही घेतलं तर? सुरुवातीला मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. मग सवय झाली आणि मीही इतरांना तसंच विचारायला लागले.

एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. दर शुक्रवारी दुपारी आमच्या खोलीत फोन लावायचे, माझी तेव्हा सकाळ असायची. आई, बाबा, काका, काकू, चौघंही एका फोनसमोर, म्हणून प्रत्येकाचा अर्धा चेहरा दिसायचा. आधी जेवणखाण व्हायचं आणि मग बाबा म्हणायचे, "हं, आता या आठवड्याचा धडा." मी सांगायचे. फेस का टिकतो, टोमॅटोचा सॉस बाटली हलवल्यावरच का येतो. सगळ्यात बारीक प्रश्न काका विचारायचे. मला त्या शुक्रवारांचा अभिमान होता. आपण जे शिकतोय ते घरच्यांपर्यंत पोचवतोय, त्यांच्यापासून तुटलेलो नाही, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातला एक शुक्रवार. काकू बाजारात गेल्या होत्या, फोनसमोर तिघंच होते. मी लॅबमध्येच होते, म्हणून फोन हॉपरसमोर धरला आणि त्यांना कमान दाखवली. पाच मणी, वर किलोभर मणी, आणि खाली तोंड सताड उघडं.

बाबा म्हणाले, "हीच ती. आमच्याकडे हीच होते, फक्त खोलीएवढी."

काका फोनच्या अगदी जवळ आले. "अर्चू, एवढ्याशा मण्यांवर एवढा भार राहतो कसा गं?"

मी समजावलं. प्रत्येक मणी शेजाऱ्याला टेकलेला असतो, भार खाली जातच नाही, बाजूंना जातो.

"आणि वर आणखी वजन दिलं तर?"

"तर अजून घट्ट होते, काका." मी वरून अंगठ्याने दाबून दाखवलं. "बघा. जितकं दाबाल तितकी कमान धरते."

"माणूस उभा राहिला तरी?"

मी हसले. "तुमच्यासारखा हलका असेल तर नक्की."

सगळे हसले. पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं. या कमानीला एकाच दिशेचा भार सोसतो, ज्या दिशेने ती तयार झाली त्या दिशेचा. बाजूने नुसती टिचकी मारली तरी ती एका क्षणात नाहीशी होते. हे मी टिचकी मारून दाखवणारही होते. माझ्या संशोधनाचा अर्धा भाग त्यावरच होता. आणि दुसरं, माझे मणी कोरडे आणि गोल, तुमची भुकटी ओली आणि चिकट, तिच्याबद्दल मला यातलं काही छातीठोकपणे सांगता येणार नाही. हेही सांगायचं होतं. पण तेवढ्यात आईने फोन आपल्याकडे वळवला. "तू डबा नेतेस की नाही? गाल बघ कसे बसलेत." मग डब्याचं निघालं, आणि एक सहकारी दारात येऊन उभी राहिली, मीटिंग होती. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी उरलेलं दाखवते. पुढच्या शुक्रवारी मी एका परिषदेला गेले होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोणाच्याच लक्षात नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाला आईचा फोन आला. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. ती म्हणाली, "बबनभावोजी गेले." मी विचारलं, कुठे? आणि विचारतानाच मला कळलं. कसे गेले हेही मी तिला विचारलं नाही. माझ्यासमोर काचेचं हॉपर चालू होतं, मणी पडत होते, आणि ते बंद करायचं बटण मला सापडेना.

काका वरून आत उतरले होते. थराच्या खाली पोकळी झालेली होती, ती वरून दिसत नाही. ते थरावर उभे राहिले आणि थराने त्यांना धरलं. मग त्यांनी पहार मारली. बाबा वरच्या झाकणाशी होते. खालचं तोंड कापून काढायला वेळ लागला. यापुढचं मला बाबांनी कधी सांगितलं नाही आणि मला ते त्यांना विचारायचं नाही.

त्या दिवशी मला निघता आलं नाही. माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं, ते हातात नसताना देश सोडला तर परत येता येईल याची खात्री कोणी देईना. आई म्हणाली, "येऊन तरी काय करणार? तू तुझं बघ." मी तिचं ऐकलं. दहाव्याला, तेराव्याला मी लॅबमध्ये होते. आता वाटतं, यायला हवं होतं, मग परत जाता आलं नसतं तर नसतं.

मी पोचले ती नोव्हेंबरात. गल्लीत गटाराचं काम कधीच संपलेलं, गुळगुळीत काँक्रीट होतं. बॅग मी ओढत आणली आणि तिच्या चाकांच्या आवाजाने माणसं दारात आली. पण नेहमीसारखं कोणी पुढे आलं नाही. सिंधी आंटींनी पाट सरकवला, बसायला सांगितलं, आणि परत पापड लाटायला लागल्या.

बाबा आठ-नऊ किलोंनी उतरले होते. कामाला जात होते, बसने. घरात बोलत नव्हते. कारखान्याने अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी एक कागद पुढे केला होता. कामगार बबन कोणालाही न विचारता, सूचना डावलून, स्वतःहून हॉपरमध्ये उतरला. साक्षीदार म्हणून बाबांची सही. साहेब त्यांना म्हणाला होता, "लिख दो, अपनी मर्ज़ी से गया. तुम भी सेफ, हम भी सेफ." बाबांनी सही केली होती. हे मला आईने सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

लीलाकाकूंकडे जायला मला दोन दिवस लागले. एक भिंत ओलांडायला. त्या भाजी निवडत होत्या. मी खाली बसले आणि त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"चाय घेशील?" त्यांनी विचारलं.

"नको, काकू."

"घे. केलेला हाय."

चहा देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुला एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तू त्यांना बोल्लेलीस का, त्या पावडरीवर मानूस उभा रायला तरी ती धरतं म्हनून?"

मी हो म्हणाले.

काकू मेथीची पानं खुडत राहिल्या. "त्या शुक्रवारी जेवताना सांगत होते. आपल्या पोरीने दाखवलं म्हने. जर्मनीच्या मशीनमधी. हसत होते." त्यांनी देठं बाजूला टाकली. "गेले त्या दिवशी दोरी घेतली नाय. तुझे बाबा बोल्ले, दोरी घे. तर हे बोल्ले, कशाला, अर्चूने सांगितलंय, ती धरतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, निदान मला तो ऐकू आला नाही. "जा आता," त्या म्हणाल्या. "मना काम हाय."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं. विचारलं, दोरीचं खरं आहे का. ते चपला काढत होते, एक काढलेली, एक तशीच. म्हणाले, "कोणी सांगितलं तुला?"

"काकूंनी."

"तिला नव्हतं सांगायला पाहिजे मी." ते खाली बसले. "तुझा काही संबंध नाही त्यात. मी ऑपरेटर होतो. मी नाही म्हटलं असतं तर तो उतरला नसता. दोरीशिवाय नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, बरं."

"बरं का म्हणालात?"

बाबांनी दुसरी चप्पल काढली. मग म्हणाले, "मलाही वाटलं, तू सांगितलंयस म्हणजे बरोबरच असणार."

मग सहीचा विषय निघाला. मी ओरडले. पट्टा दिला नव्हता, वीस वर्षं हे असंच चाललंय, सूचना कसली, कुठल्या भिंतीवर आहे ती सूचना? बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी हळूच म्हणाले, "खरं लिहायचं तर दोरी का नाही घेतली हेही लिहावं लागलं असतं. त्यात तुझं नाव आलं असतं. परदेशात तुझं काय झालं असतं कोणास ठाऊक."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आनंदनगरच्या कारखान्यातल्या कागदावर माझं नाव आलं की जर्मनीत मला कोणीतरी पकडायला येईल. एका माणसाने वीस वर्षांच्या मित्राबद्दल खोटं लिहून दिलं, त्यात नोकरीची भीती होती, साहेबाची होती, आणि ही एक होती. कुठली किती, हे मोजायचा प्रयत्न मी केला, माझी सवयच ती. जमला नाही.

मी सुट्टी वाढवून घेतली. आठ दिवस आमच्या घरात हेच चाललं. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन जबाब बदलायचा, असं मी म्हणायचे. आई म्हणायची, झालं ते झालं, आता बाबांचीही नोकरी घालवू नकोस. नवव्या दिवशी बाबांनी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, घरी येऊन दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि भिंतीवर थाप मारून म्हणाले, "लीला, आधारकार्ड घे. चल."

आम्ही तिघं कल्याणला गेलो. अधिकारी वयस्कर होते, नीट बोलले. बाबांनी सगळं सांगितलं. पट्टा नव्हता. असंच उतरायची रीत होती. साहेबांना माहीत होतं. मी उतरू दिलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, "आता सांगतोय, ते लिहून घ्या." काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, सगळा वेळ समोरच्या कपाटाकडे बघत.

मग मी माझा कागद पुढे केला. आदल्या दिवशी दीड पान लिहिलं होतं. मी काय म्हणाले, कधी म्हणाले, काय सांगायचं राहिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"मॅडम, हे कशाला? याचा कारवाईशी संबंध नाही. पट्टा देणं, आत माणूस न उतरवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तुम्ही काय म्हणालात त्याने कायद्याला काही फरक पडत नाही."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. कोणीच तो ठेवून घेतला नाही. परत आल्यावर मार्गदर्शक बाईंनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुझं विधान शास्त्रीयदृष्ट्या चूक नव्हतं. अपुरं होतं, पण चूक नव्हतं. त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. बाबांना दुसऱ्या आठवड्यात कामावरून बंद केलं, कारण वेगळंच दाखवलं. कारखान्यावर खटला आहे, चालू आहे. हॉपरच्या झाकणावर आता जाळी बसवली आहे आणि भिंतीवर सूचनाही आहे, असं कोणीतरी बाबांना सांगितलं. शिपाईगिरीची कामं त्यांना मिळाली असती, त्यांनी घेतली नाहीत. बहुतेक वेळ खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसतात. शुक्रवारी मी फोन करते तेव्हा जेवणाबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो. या आठवड्याचा धडा, असं परत कधी कोणी म्हटलेलं नाही.

मी पीएचडी पुरी केली. चार महिने हॉपरला हात लावला नाही, मग लावला, कारण न लावून काका परत येणार नव्हते आणि प्रबंध मात्र राहिला असता. लोकांना वाटतं अशा प्रसंगानंतर माणूस एक तर विषय सोडून देतो, नाहीतर त्याच कामाला वाहून घेतो. माझं दोन्ही झालं नाही. मी आता फेसावर काम करते, दुसऱ्या गावात. बरं चाललं आहे. बोलताना मी फार अडखळते, असं सहकारी म्हणतात, प्रत्येक वाक्याला अटी जोडते. त्यांना ती शास्त्रज्ञाची शिस्त वाटते.

तिथे मला कधी कोणी तपासल्याशिवाय खरं मानलं नाही, आणि पहिल्या वर्षी मला त्याचंच दुःख होतं. घरी मला कोणी कधी तपासलं नाही. दहावीत विज्ञानात पहिली आले तेव्हापासून मी म्हणेन ते खरं. केवढ्या उंचीवर बसवलं होतं मला त्या चौघांनी, हे मी बघितलंच नाही. खाली वाकून बोलतोय एवढंच वाटायचं, आणि त्यातही थोडी मजा यायची. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

काकूंनी ती खोली बंद केली आणि बदलापूरच्या पलीकडे गावी भावाकडे गेल्या. दोन वर्षं त्यांनी माझा फोन घेतला नाही. या फेब्रुवारीत मी आले तेव्हा न कळवताच गेले. बदलापूर स्टेशनवरून रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. भात कधीच कापून झालेलं, शेतं उघडी, बांधावर वाल लावलेले. काकू अंगणात शेंगा सोलत होत्या. केस पूर्ण पांढरे. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं.

मी उभीच होते. येताना रस्त्यात बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी एवढंच म्हणाले, "काकू, मी माफी मागायला नाही आले. मागून काही होणार नाही. मला फक्त यायचं होतं."

त्या म्हणाल्या, "मना सगली सांगतात, पोरीला दोष देऊ नको, ती शिकलेली, तिच्या मनात काय वाईट नव्हतं. मना माहीत हाय ते." त्यांनी पदराने हात पुसले. "पन मी देतं. रोज देतं. खोटं कशाला बोलू?"

"द्या, काकू."

"तुझ्या बापालापन देतं. आणि ह्यांनापन. दोरी घ्यायला काय झालं होतं?" त्यांचा आवाज चिरकला, मग परत जागेवर आला. घरातून त्यांच्या भावजयीने विचारलं, कोण आलंय? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कोण, हे त्यांनाही एका शब्दात सांगायचं होतं, आणि क्षणभर मला वाटलं, त्या म्हणतील, कोणी नाही.

"आमची अर्चू," त्या म्हणाल्या. "एक ताट वाढव."

दुपारचं जेवण झालं. वालाचं बिरडं, भात, तांदळाची भाकरी. निघताना मी विचारलं, पुन्हा आले तर चालेल का.

"चालेल का म्हंजे?" काकू म्हणाल्या. "आता नाय आलीस तर तोपन दोष देन."

परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांना कोणी ना कोणी विचारतंच, घर म्हणजे तुला काय वाटतं. मी आता त्या अंगणाचं नाव सांगते. तिथे मला माफ केलेलं नाही, आणि तिथे मला दर वर्षी जायचं आहे.